चंद्राचं बटण

मेरिन केसी आत आली ती थेट थिया लव्हेलसमोरच्या खुर्चीत बसली. तिच्यासाठी दार उघडणारा आणि चहा हवा का विचारणारा रॉस पिबॉडी तिला दिसलाच नाही.

रॉसला याची सवय होती. पोलिसात असताना अख्खं होबार्ट शहर त्याला ओळखायचं. आता लोक आपली प्रकरणं घेऊन खासगी गुप्तहेर थियाकडे येत आणि तो थियाचा माणूस म्हणून बाजूला उभा राहत असे. सवय असली तरी टोचायचं ते टोचायचंच.

"मी मासे मारले म्हणतात," मेरिन म्हणाली. "आमच्या एका गिऱ्हाइकाचे, ब्रॅडॉकचे. सॅमन माशांचा अख्खा पिंजरा."

तिची कंपनी मासे पाळणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. समुद्रातल्या पिंजऱ्यांत हवा सोडणारे पंप त्यावर चालत. ते कसं वापरायचं याची ऑनलाइन मार्गदर्शिका मेरिन लिहायची.

"जुन्या मेन्यूत चंद्र दाबला की रात्रीची हवा सुरू व्हायची. नव्यात चंद्र दाबला की पंप झोपतात, रात्रीच्या हवेसाठी लाटेचं चित्र आहे. नवा मेन्यू आला त्याच दिवशी मी पान बदललं. पण ब्रॅडॉकनं उघडलं तेव्हा तिथं पुन्हा 'चंद्र दाबा' होतं! बिचाऱ्यानं दाबला. सकाळी सगळे मासे तरंगत होते."

"पान कुणी बदललं ते कळत नाही?" थियानं विचारलं.

"पासवर्ड सगळ्यांचा एकच आहे. आमचा मालक फर्गस म्हणतो, मी पान बदललंच नव्हतं. उद्या मला काढणार."

"जुन्या पानाची प्रत कुणाकडे असेल?"

"कुणाकडेच नाही. मेन्यू बदलला की जुना मजकूर आणि जुनं चित्र मी पुसूनच टाकते. चुकून परत यायला नको म्हणून. ते जुनं पान मी ऐन हिवाळ्यात, जुलैत केलं होतं. थंडीनं बोटं वळत नव्हती."

तिनं चुकीच्या पानाचा छापील कागद पुढे केला. त्यावर पडद्यावरच्या मेन्यूचं जसंच्या तसं टिपलेलं चित्र होतं. मधोमध चंद्र, कोपऱ्यात बारीक आकडा: सतरा.

"हा आकडा कसला?"

"आमच्या धक्क्यापाशी पाणी किती गरम आहे त्याचा. पडद्याचं चित्र टिपताना जो असेल तो."

रॉसनंही कागद पाहिला. त्याला त्यात काही दिसलं नाही. थियाला मात्र काहीतरी दिसलं होतं, हे तिच्या भुवईवरून त्याला कळलं आणि त्याचा जळफळाट झाला.

दुपारी ते ह्युऑन नदीकाठच्या मेरिनच्या कंपनीत पोचले. इथला उन्हाळा, फेब्रुवारीचं ऊन रणरणत होतं.

मालक फर्गस टेट उभ्यानंच बोलला. "चांगली पोरगी आहे, पण विसरली. विषय संपला."

मेन्यू आखणारी लिनेट जास्त तिखट होती. "माझं तिच्याशी पटत नाही, लपवत नाही मी. चंद्रावरून आमचं कडाक्याचं भांडण झालंय. पण तिनं पान नीट लिहिलं तरच माझा मेन्यू लोकांना कळतो. मी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ?"

"जुना मेन्यू अजून कुठं पाहायला मिळेल?"

"इथं तर नाही. नवा आला त्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांवरून मी जुना काढून टाकला."

शेवटी डग हिंच. गावोगावच्या धक्क्यांवर जाऊन मच्छीवाल्यांना शिकवणारा, गडगडाटी हसणारा म्हातारा. त्याच्या लॅपटॉपची कड चिकटपट्टीनं जोडलेली होती.

"हा मरायला टेकलाय," तो रॉसला म्हणाला. "नवीन काही टाकलं की गळा काढतो. ऑफिसवाल्यांनी हात लावायचा नाही अशी ताकीद आहे माझी! आपल्यासारखाच रे, मित्रा."

रॉस मनापासून हसला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी आधी त्याच्याशी बोललं होतं.

"हल्ली कुठं दौरा?" त्यानं विचारलं.

"दौरा कसला! पूर्वी श्वास घ्यायला फुरसत नसायची. आता सगळे म्हणतात, मेरिनचं वाचलं, समजलं." डग अजून हसत होता, पण हातातला कप त्यानं आपटून ठेवला.

थियानं सगळ्यांना फर्गसच्या खोलीत बोलावलं.

"मेरिननं पान बदललं नसतं, तर त्यावर जुलैचंच चित्र असतं," ती म्हणाली. "पण कोपऱ्यात सतरा आहे. फर्गस, जुलैत धक्क्यापाशी पाणी इतकं गरम असतं?"

"छे! दहा-अकरा. सतरा म्हणजे आत्ताचं." फर्गस थबकला. "म्हणजे... चित्र नवीन आहे?"

"मेन्यू जुना, चित्र नवीन. मेरिननं जुनं पुसलं होतं, म्हणून कुणालातरी जुना मेन्यू चालू करून नव्यानं चित्र काढावं लागलं. ऑफिसातल्या एकाही यंत्रावर तो नाही. ज्या यंत्राला ऑफिसवाले हात लावत नाहीत, त्यावरच असणार. डग, लॅपटॉप उघडतोस?"

डग हलला नाही. "जुना मेन्यू ठेवणं गुन्हा आहे का?"

"नाही. पण तू हे का केलंस, ते मला—" थिया अडखळली. रॉसनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

तो डगच्या शेजारी जाऊन बसला.

"लोक अडावेत, एवढंच हवं होतं ना?" त्यानं हळूच विचारलं. "अडले की तुला हाक मारतील."

"तुला काय माहीत?"

"मीही असाच जळतो. रोज. हिच्यावर." त्यानं थियाकडे पाहिलं नाही. "ती चुकावी म्हणून मी वाट पाहतो. आज सकाळीही पाहत होतो."

मग डगचा चेहरा विस्कटला.

"मला वाटलं, नव्यात चंद्रच नसेल. लोक शोधत बसतील आणि डगला बोलवा म्हणतील. नवा मेन्यू मी उघडून पाहिलाच नाही रे. तिचं पान वाचायचीसुद्धा लाज वाटली. वरवर पाहिलं आणि पुसलं. पंप बंद पडतील हे ठाऊक असतं तर..." तो मेरिनकडे वळला. "पोरी, तुझं लिहिणं चांगलं आहे. म्हणून तर."

मेरिननं मान फिरवली. तिचे डोळे भरले होते, पण माफी तिनं दिली नाही.

फर्गस डगला काय काय सुनावू लागला. डगनं सगळं ऐकून घेतलं आणि उठला.

"आधी ब्रॅडॉकला मी सांगतो. माझ्या तोंडून." दारापर्यंत जाऊन तो थांबला. "पण पाय उचलत नाहीत."

थियानं गाडीची किल्ली काढली आणि रॉसच्या हातात ठेवली. "मला यंत्र कळलं होतं, माणूस नाही," ती म्हणाली. "तू जा त्याच्याबरोबर."

रॉसला आनंद झाला. अशा वेळी आनंद व्हावा याची शरमही वाटली. दोन्ही तसंच घेऊन त्यानं डगचा दंड धरला आणि दोघं उन्हातून ब्रॅडॉकच्या धक्क्याकडे निघाले.