जास्तीचं पेन

सभागृहामागच्या जिन्यावर सहसा कुणी फिरकत नसे, म्हणून तर ती तिथं गेली होती. तिला नकलेसाठी मुख्याध्यापकांची शिंक बसवायची होती. निरोप समारंभ तोंडावर आला होता आणि शिंक काही केल्या जमत नव्हती. सुरुवात झकास व्हायची, पण शिंकून झाल्यावर सर जो एक समाधानाचा सुस्कारा टाकत, तो हाती लागत नव्हता. नाक वर करून ती पुन्हा तयारीत उभी राहिली, आणि तेवढ्यात खालच्या वळणावरून आवाज आला.

"तुझ्याकडे जास्तीचं पेन आहे का?"

आपल्यालाच कुणी विचारतंय असं वाटून ती उत्तर देणार, तोच तो आवाज पुन्हा आला, जरा घाईत. "जास्तीचं पेन आहे का... तुझ्याकडे?" मग घसा खाकरला. मग बेफिकिरीचा आव आणून, "पेन असेल ना एखादं?"

तिनं कठड्यावरून हळूच वाकून पाहिलं. खाली भिंतीकडे तोंड करून मौनी उभा होता. वर्गात सगळे त्याला मौनीच म्हणत. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसणारा, हजेरी नसती तर वर्षभर ज्याचा आवाजच कुणाला कळला नसता असा. भिंतीला पेन मागताना तो हात खिशात घालून बघत होता, बाहेर काढून बघत होता. तिनं तोंडात रुमाल कोंबला आणि चवड्यांवर वरच्या वर पळाली.

मधल्या सुट्टीनंतर तो, दर चार-आठ दिवसांनी यायचा तसा, तिच्या बाकाशी आला. "जास्तीचं पेन आहे का... तुझ्याकडे?" दुसरा प्रकार पसंत पडला होता तर. तिनं गंभीर चेहऱ्यानं पेन दिलं. "उद्या परत देतो," तो म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी खरोखरच दिलं. बिचाऱ्याला एवढ्याशा वाक्याचीसुद्धा तालीम करावी लागते, असं तिला वाटलं. हसू आलं, आणि त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी उबदारही होतं. तिकडे मात्र तिनं लक्ष दिलं नाही.

तिला सगळी शाळा 'आरसा' म्हणायची. समोर कुणीही उभं करा, चहा निवायच्या आत ती त्याला चालून, बोलून, खोकून दाखवायची. आणि या शाळेत शेवटच्या वर्गाचा निरोप भाषणांनी होत नसे, नकलांनी होई. डब्यातून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याची नक्कल करायची. ज्याची नक्कल झाली त्यानं मंचावर यायचं, हसायचं किंवा चिडायचं, आणि शाळेचा निरोप घ्यायचा. शिक्षकांच्या नकला वरकड, मागणीनुसार.

तिला चिठ्ठी निघाली मौनीची.

"याची काय नक्कल करणार? खुर्चीत बसून गप्प राहायचं, झालं," भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे वर्गाचा मॉनिटर. त्याला ध्वनिक्षेपकाची गरज पडत नसे. "आण इकडे, बदलून देतो."

"नको," ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

समारंभाच्या दुपारी सभागृह दणाणून गेलं होतं. कुणी भोंगा केला, हजेरी घेता घेता सगळ्यांच्या डब्यात हात घालणारा. कुणी ती मुलगी केली, जी दर परीक्षेला पेपर पाहून रडायची आणि निकालाला पहिली यायची. मग सहलीची आठवण निघाली. वाटेत बस थांबली असताना गणिताच्या बाई मागेच राहिल्या होत्या, आणि बसमध्ये एवढी शांतता कशी, म्हणून कुणीतरी डोकी मोजली तेव्हा ते उघडकीला आलं. बाई स्वतःच पहिल्या रांगेत डोळे पुसत हसत होत्या. त्या डोळे पुसण्यात थोडं खरं रडूही होतं, कारण उद्यापासून हे बाक रिकामे.

मग ती उठली. एक खुर्ची ओढली आणि बसली. फक्त बसली, आणि सभागृहात एकच हाक उठली, "मौनी!"

तिनं आधी डावी बाही दुमडली, मग उजवी, मग डावी पुन्हा सोडली. प्रश्न विचारल्यावर तो आवंढा गिळतो तसा गिळला. पेनाचं टोपण गालाला लावून खिडकीबाहेर पाहिलं. सगळा वर्ग हसून झाल्यावर, एकट्यानं, उशिरा येणारं ते अर्धं हसू हसली. टाळ्यांवर टाळ्या पडल्या. इथं थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण टाळ्या मिळाल्या की तिच्या जिभेला हाड राहत नसे. ती उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि खिशात हात घातला.

"तुझ्याकडे जास्तीचं पेन आहे का?"

हशा.

"जास्तीचं पेन आहे का... तुझ्याकडे?"

पोरांची मुरकुंडी वळली. भोंग्यानं पोट धरून विचारलं, "अरे, पण याच्या बाबांचं तर स्टेशनरीचं दुकान आहे. याला पेनं कशी कमी पडतात?"

पुन्हा हशा. त्या हशातच तिची बाकावरची शेजारीण, अगदी सावकाश, जणू स्वतःशीच म्हणाली, "माझ्याकडे नाही कधी मागत. माझी तर कंपासपेटी भरून पेनं असतात."

सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. मग मंचाकडे. आणि मग असा काही कल्लोळ उठला की बाईंना टेबल बडवावं लागलं.

सबंध सभागृहात सगळ्यात शेवटी कळलं ते तिला. ती अजून त्याचंच अर्धं हसू चेहऱ्यावर घेऊन उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. सगळ्या जगाचं बारीकसारीक टिपणाऱ्या या मुलीला आपल्या बाकाशी कोण कशासाठी येतं तेवढं दिसलं नव्हतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला होता. तो उठला. खुर्ची आवाज न करता जागेवर सरकवली. आणि मंचाकडे न येता दारातून निघून गेला.

"अरे, निरोप घ्यायचा राहिला," भोंगा ओरडला. तो वळला नाही.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. ते खरं म्हणतात हे तिला त्या दिवशी कळलं. मुख्याध्यापकांच्या शिंकेची मागणी आली तेव्हा ती घसा दुखतोय म्हणून खाली उतरली. नळाशी जाऊन पुन्हा पुन्हा तोंड धुतलं. चेहऱ्याची आग काही जाईना.

शेजारीण मागून आली. "रडतेस?"

"नाही."

"एक सांगू? इतकं मी माझ्या सख्ख्या भावाला नाही बघितलंय. बाही सोडतो, दुमडतो... कधी बघत होतीस गं एवढं?"

तिनं नळ पुन्हा सोडला. म्हणजे आज मंचावर दोघांचीही झाकली मूठ उघडली होती. पण स्वतःच्या फजितीचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. त्यानं भिंतीपाशी, कुणी नसताना, जपून ठेवलेलं वाक्य तिनं उचललं होतं आणि चारचौघांत हसायला टाकलं होतं. तेच राहून राहून टोचत होतं. त्यात सोमवारी तो मामाकडे दुसऱ्या गावी शिकायला जाणार होता. आता वर्ग नाही, बाक नाही, की उद्या परत द्यायचं पेन नाही. आज तोंड लपवलं, तर जन्मभर तो तिला तशीच आठवणार होता, भिंतीकडे तोंड करून त्याचीच टर उडवणारी.

ती तशीच गणवेशात दुकानावर गेली. दारात उभं राहिलं की नव्या कागदाचा आणि खोडरबराचा वास यायचा. गल्ल्यावर त्याचे वडील होते, चष्मा कपाळावर चढवलेला.

"काय देऊ?"

"पेन," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"कसलं?"

"कसलंही."

त्यांनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे, तिच्या गणवेशाकडे आणि सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग आत हाक मारली, "अरे, बाहेर ये. कुणीतरी ताकाला आलंय आणि भांडं लपवतंय." तो आतून येईपर्यंत त्यांच्या चपला घालून झाल्या होत्या. "मी समोर चहा घेऊन येतो. बस, बाळ. गिऱ्हाईक आलं तर थांबायला सांगा."

तो वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभा राहिला. गठ्ठा खाली ठेवायचं त्याच्या लक्षात आलं नसावं.

"हे पाहा, जे झालं ते योग्य झालं नाही," ती म्हणाली. वाक्य नाकातून आलं, शेवटचा शब्द लांबवत.

"बाईंनी कशाला माफी मागायची?" तो म्हणाला.

तिनं जीभ चावली. पुन्हा सुरुवात केली. "जाऊ दे ना राव, मनावर नको घेऊस—"

"हा भोंगा."

"मग कुणाच्या आवाजात सांगू?"

"तुझ्या."

तिनं तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. घाबरली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात शिरायची. लहानपणापासून हीच पळवाट. तो थांबला. वाक्याची वाट बघायची त्याला सवय होती.

"मला लाज वाटतेय," शेवटी ती म्हणाली. "मी जिन्यावर वर उभी होते. तू जे बोलत होतास ते तुझं होतं. मी ते उचलायला नको होतं. ते कुणासाठी आहे हे मला माहीत नव्हतं... पण माहीत नसलं तरी उचलायला नकोच होतं."

त्यानं गठ्ठा गल्ल्यावर ठेवला. "सगळे हसले म्हणून नाही मी गेलो."

"मग?"

"तू इतकं हुबेहूब केलंस की... मला वाटलं, तुला पहिल्यापासून सगळं कळलं होतं. कळूनही पेन देत राहिलीस. गंमत बघायला."

असंही दिसू शकतं हे तिच्या मनातच आलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं तुला बोलायची भीती वाटते."

"वाटते."

"कुणाची?"

"तुझी." आवंढा. "बाही, टोपण, हसणं, एवढं सगळं दिसलं तुला. आणि हेच नाही दिसलं?"

"नाही."

"का?"

आता बाई नव्हत्या, भोंगा नव्हता, लपायला कुणाचाच घसा नव्हता. "कारण बाकीच्यांना मी नक्कल करायची म्हणून बघते," ती म्हणाली. "तुला... चिठ्ठी निघायच्या कितीतरी आधीपासून बघत होते. तू पेन परत द्यायला यायचास ना, त्या दिवशी मी लवकर यायचे शाळेत. का येते ते मी स्वतःला कधी विचारलं नाही. विचारायचीच लाज वाटली असावी." आवाज बारीक होता, मध्येच चिरकणारा, मुळीच ऐकण्यासारखा नाही. हा कुणाचा, ते क्षणभर तिलाही ओळखता आलं नाही.

त्यानं बाही दुमडली, मग ती बघतेय हे लक्षात येऊन हात मागे घेतला, आणि दोघंही एकदमच खाली बघायला लागले.

"सोमवारी सकाळची बस आहे माझी," तो म्हणाला. "येशील? म्हणजे... यायलाच पाहिजे असं नाही. म्हणजे, ये. ये तू." त्यानं कपाळ पुसलं. "या वाक्याची तयारी नव्हती केली."

"कळलं."

"फार वाईट झालं?"

तिनं मान हलवली. "येईन," ती म्हणाली. "आणि हे मी कधीच कुणाला करून दाखवणार नाही."