‘डी’ म्हणजे ड्रायव्हर!

“मामा, थांब! गाडी एका अंगाला कललीय!”

विनिता पडवीतून जीव खाऊन ओरडली, पण ऐकेल तर तो चंदरमामा कसला! त्याने दणक्यात हॉर्न वाजवला, माडांमधून गर्रकन जीप वळवली आणि अंगणात उभी करून तेलकट हातांनीच मिशीवर ताव दिला.

“बघितलंत? जल्मात पयल्यांदा हात लावला आन् काम फत्ते! मिस्त्री नको नि फिस्त्री नको!”

जीप मामाच्या लग्नाच्याही आधीची. तिच्यात बसून मुरुडच्या बाजारात जाऊन आलं तरी हाडं खिळखिळी व्हायची. म्हणून मामाने पनवेलहून नवे कमानपाटे आणि धक्के शोषणारे शॉकअप आणले होते. कमानपाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांचे जुडगे. मोबाइलवर व्हिडिओ बघबघून ते त्याने स्वतःच बसवले होते. आणि हा सगळा खटाटोप होता मनुबाई आजीसाठी!

आजीच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. बारीकसा धक्का बसला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पालीला तिची धाकटी बहीण गोदू राहायची. दोन वर्षांत दोघींची गाठ पडली नव्हती. उद्या गोदूच्या पणतीचं बारसं होतं आणि पाळणा मनुबाईनेच म्हणायचा, असं गोदूने फोनवर बजावलं होतं. आजीने पिशवी कधीच भरून ठेवली होती. ती रोज पाळणा गुणगुणायची आणि मधेच थांबून विचारायची, “चंदर, पोचन ना रं मी?” ते ऐकून विनिताला फार वाईट वाटायचं. सुट्टीला ती तळा गावाहून आली होती ती मुळी आजीसाठीच.

“मामा, खरंच कललीय,” विनिता म्हणाली. “उजवी बाजू खाली आहे.”

“अगो, अंगनच उतरतं हाय! आन् नवं पाटं बसायला येळ लागतो. उद्या सकाळी निघायचं म्हंजे निघायचं!” असं म्हणून मामा टॉवेल खांद्यावर टाकून विहिरीकडे गेला.

मामाचा मुलगा विपुल विनिताच्या कानाशी कुजबुजला, “बाबांना एकदा वाटलं की वाटलं. सकाळी पाटे बसवले तेव्हा गाडी घराकडे तोंड करून होती, तेव्हाही म्हणाले, अंगण उतरतंय!”

विनिता चमकली. “थांब! सकाळी तोंड घराकडे होतं. आता समुद्राकडे आहे. गाडी फिरली, तर कललेली बाजूही फिरायला हवी. पण अजून ड्रायव्हरचीच बाजू खाली!”

“मग अंगण पण गाडीबरोबर फिरलं असेल!” विपुल खिदळला.

तेवढ्यात शेजारची भाविका आली. तिच्या बाबांची होडी होती, त्यामुळे कलणं तिला कुणी शिकवायला नको होतं. “विपुल, तू डावीकडे चढून बस,” तिने हुकूम सोडला. “होडी कलली की आम्ही माणसं इकडची तिकडे करतो.”

विपुल बसला. गाडी जराशीही सरळ झाली नाही.

“वजनाचं काम न्हाय हे. पाट्यांचंच काय तरी हाय,” भाविका म्हणाली.

तिघं चाकांजवळ उकिडवी बसली. उजवीकडच्या पाट्यांवर पांढऱ्या रंगाने ‘डी’ हे इंग्रजी अक्षर काढलं होतं आणि डावीकडच्यांवर ‘यू’. विपुलने विहिरीकडे तोंड करून हाक मारली, “बाबा, ‘डी’ म्हणजे काय हो?”

“‘डी’ म्हंजे ड्रायव्हर!” मामाचं उत्तर आलं.

“आणि ‘यू’?”

मामा पाणी ओतता ओतता ओरडला, “‘यू’ म्हंजे... उरलेली बाजू!”

विपुलने कपाळाला हात लावला. भाविकाला हसू आवरेना. विनिता मात्र गोणपाटावर पडलेल्या डब्यात डोकावत होती. डब्यात काटकोनात वाकवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या होत्या. त्यांच्यावरही तीच अक्षरं!

“ह्या कशा राहिल्या?”

“बाबा म्हणाले, दुकानदाराने जास्तीच्या दिल्यात.”

विनिताने पुन्हा चाकामागे पाहिलं. ब्रेकची रबरी नळी मोकळी लोंबत थेट पाट्यांना घासत होती. तिच्यावर पांढरट ओरखडासुद्धा उठला होता. नळी धरून ठेवायलाच ह्या पट्ट्या होत्या! भाविकाने ‘डी’ची पट्टी उजवीकडे लावून पाहिली. गाडीच्या सांगाड्याला भोकं होती, पण ती काही केल्या जुळेनात. मग तिने तीच पट्टी डावीकडे धरली, आणि दोन्ही भोकं बरोब्बर समोरासमोर आली!

“‘डी’ची पट्टी डावीकडे बसते!” विनिता ओरडली. “‘डी’ म्हणजे ड्रायव्हर नाहीच! ‘डी’ म्हणजे डावा! आणि ‘यू’ म्हणजे उजवा! दुकानदाराने मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत लिहिलेत. मामाने सगळं उलटंपालटं बसवलंय!”

“आता त्यांना सांगणार कोण? गाडी सुरू करून पुन्हा चक्कर मारतील!” असं म्हणत विपुल घरात पळाला आणि हात झटकत परत आला. “चावी सुकटीच्या डब्यात! आता फिरवा म्हणावं गाडी!”

विहिरीवरून आलेल्या मामाने हे ऐकून आधी आरडाओरडा केला. चावी कुठाय, पोरं शेफारलीत, मी काय येडा हाय काय! विनिता घाबरली होती, पण जागची हलली नाही.

“मामा, फक्त ही ‘डी’ची पट्टी लावून बघ. उजवीकडे बसली तर आम्ही तिघं कान धरून उठाबशा काढू.”

मामाने उजवीकडे लावली. नाही बसली. डावीकडे लावली. बसली. मग त्याला नळीवरचा ओरखडा दिसला आणि त्याने त्याच्यावरून बोट फिरवलं.

“वाटेत घाटात नळी फुटली असती तर... आय गाडीत असती माझी!” तो म्हणाला.

सगळी लगेच कामाला लागली. मामाने जॅक लावून गाडी उचलली आणि चाक काढून तो खाली शिरायला निघाला.

“मामा, नुसत्या जॅकवर नको! खाली वाळू आहे!” विनिताने त्याचा सदराच धरला. “आधी ओंडके!”

तिघांनी ढकलत ढकलत माडाचे ओंडके आणले. मामाने ते सांगाड्याखाली सारले न सारले तोच जॅक वाळूत कचकन रुतला. जीप धाडकन ओंडक्यांवर टेकली आणि तिथेच थांबली. मामा अजून बाहेरच होता! मामाने विनिताच्या डोक्यावर हात ठेवला.

मग जॅकखाली जाड फळी आली आणि बैजवार काम सुरू झालं. मुलं बाहेरून पाने-पक्कड देत होती, नट मोजून घेत होती. पाट्यांची अदलाबदल झाली, पट्ट्या बसल्या, मामाने ब्रेकची नळीसुद्धा नवी आणून लावली. जीप खाली उतरवली तेव्हा ती अगदी सरळ उभी राहिली. गावातल्या खडबडीत रस्त्यावरून मामाने फेरी मारली आणि परत येऊन पुन्हा सगळे नट आवळले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन गाडी पालीकडे निघाली. चावीला सुकटीचा वास येत होता, पण तक्रार कुणीच केली नाही. वाटेत खड्डा आला की विनिता श्वास रोखून आजीकडे बघायची. आजी मात्र डोळे मिटून पाळणा गुणगुणत होती आणि एकाही खड्ड्याला तिचा सूर तुटला नाही!

“अगो मने, एवढ्या लांबून आलीस, कंबर दुखली न्हाय?” बहिणीला मिठीत घेत गोदूआजीने विचारलं. दोघींचेही डोळे वाहत होते.

“कंबर? इसरलेच की मी तिला! ह्या तीन पोरांनी आनलं मला.”

“खरं हाय,” मामा सगळ्यांदेखत म्हणाला. “गाडी मी जोडली, पन शहानपन ह्यांचं. नायतर आज मी तोंड दाखवाया उरलो नसतो.”

विनिताला इतका आनंद झाला की कुठे बघावं ते कळेना. म्हणून तिने पाळण्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. “अरे, पाळणा एका बाजूला कललाय!”

“चंदर, जरा डावीकडची दोरी वर घे रं,” गोदूआजी म्हणाली.

मामा उठला, दोरीला हात घातला आणि तसाच थांबला.

“आधी येक सांगा,” तो गंभीरपणे म्हणाला, “डावी म्हंजे कुनाची डावी?”

सगळं घर हास्यात बुडालं. विनिताने पुढे होऊन बरोबर दोरी दाखवली, मामाने ती आवळली आणि पाळणा सरळ झाला. मग मनुबाई आजीने घसा खाकरून पाळणा म्हणायला सुरुवात केली. तिचा आवाज शेवटपर्यंत कुठेही कापला नाही.