बेडूकराव विहिरीत का पडतात?

आबा सरमळकर सलग सातव्यांदा विहिरीत पडले, तेव्हा उर्वीला वाटलं, यात काहीतरी गडबड आहे.

विहीर अर्थातच खेळातली. चंद्रावरच्या वस्तीत खरी विहीर कुठून आणणार? चालत्या बेडकाला बटण दाबून विहिरींवरून उड्या मारायला लावायच्या, असा 'बेडूकराव' हा नवाकोरा खेळ त्याच आठवड्यात आला होता. पृथ्वीवर लोक त्याच्यावर लट्टू होते. "झोपेतसुद्धा जमतो गं," असं साताऱ्याची मावशी म्हणाली होती. इथे मात्र वस्तीतला प्रत्येक बेडूक पहिल्याच विहिरीत.

अकरा वर्षांची उर्वी वस्तीच्या भोंग्यावरून नव्या खेळांची परीक्षणं सांगायची. तीही फक्त जेवणानंतर, हात धुऊन, सवडीने खेळणाऱ्यांसाठी. चंद्रावर तारे ढिगाने दिसतात, म्हणून ती गुण भज्यांत द्यायची. इथे उकळत्या तेलाचे शिंतोडे थेट छताला जात असल्यामुळे भज्यांना बंदी होती, आणि त्यामुळे भज्याला किंमत होती. आज संध्याकाळी 'बेडूकराव'चा निकाल लागायचा होता.

तेवढ्यात तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, कंट्रोलर खाली ठेवला. "उर्वे, उद्या डंपरची चावी परत करतो."

"का?"

"हात गेले माझे. मी बटण दाबतो, मग बेडूक विचार करत बसतो, मग विहीर. उद्या डंपर असा खड्ड्यात घातला तर? मागे माणसं असतात."

आबा वस्तीतले सगळ्यात जुने डंपरचालक. डंपर सुटला तर ते दिवसभर काय करणार, हा विचार उर्वीला करवेना. ते तिला गणित शिकवतील अशी दाट शक्यता होती.

कोपऱ्यात पेठकर कपड्यांच्या घड्या घालत होता. पेठकर हा घरातला रोबो. त्याचं नाव पेठकर का, हे सुरुवातीला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारणं बरं दिसलं नसतं.

"पेठकर, आबांचे हात गेलेत का?"

पेठकरने नीट निरखून पाहिलं. "दोन्ही जागेवर आहेत."

"चेष्टा नको."

"मला चेष्टा बसवलेली नाही. तू दाब पाहू बटण."

उर्वीने दाबलं. बेडूक चालतच राहिला. उर्वी सेकंदही भज्यांतच मोजायची: एक भजं, दोन भजी, अडीच भजी, आणि मग बेडकाने उडी मारली, ती विहिरीच्या आत. मग पेठकरने दाबलं. त्याचं पोलादी बोट पापणी लवायच्या आत शंभरदा टकटक करतं. तरीही अडीच भजी आणि विहीर.

"म्हणजे माझेही हात गेले," पेठकर म्हणाला, आणि घड्या घालू लागला.

उर्वीने मावशीला फोन लावला. तिकडे कसं खेळता, हे विचारायचं होतं. "मावशी, इथे सगळे विहिरीत आहेत, पेठकरसकट," ती म्हणाली आणि सवयीने पाण्याचा घोट घेतला. वस्तीतल्या तान्ह्या पोरांनाही हे ठाऊक होतं: पृथ्वीवरच्या माणसाला विनोद सांगितला की एक घोट घ्यायचा. तो गिळेपर्यंत हसू पोचतं.

हसू पोचलं. उर्वीचा पेला हवेतच थांबला.

"पेठकर, हा बेडूक राहतो कुठे?"

"सर्व्हरमध्ये (म्हणजे दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या संगणकात). पृथ्वीवर."

"आणि आपला कन्सोल?"

"जुन्या कन्सोलमध्ये (म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळांच्या डब्यात) खेळ आतच चालायचा. हा नवा डबा नुसता निरोप्या. तू बटण दाबलंस की निरोप पृथ्वीवर जातो. अंतर सुमारे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. निरोप जातो रेडिओलहरींवरून, प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटर."

उर्वीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे जायला सव्वा सेकंदाच्या थोडं वर. उडीचं चित्र परत यायला तेवढंच. झाले अडीच सेकंद. आपला निरोप पोचेपर्यंत बेडूक तिकडे केव्हाच पडलेला असतो! आपल्याला दिसते ती शिळी विहीर."

"याला विलंब म्हणतात (म्हणजे सांगणं आणि घडलेलं दिसणं यांतला वेळ)."

आबा पुढे सरकले. "मग जरा बरी तार टाका की."

"प्रकाशाहून जोरात जगात काहीच पळत नाही, आबा. तक्रार करायला कचेरीही नाही."

"आणि डंपर?"

"डंपरच्या स्टिअरिंगपासून चाकापर्यंत चार मीटर. तेवढ्यात विलंब शोधायला मलाही चष्मा लागेल."

 आबांनी खिशातली चावी एकदा चाचपली.

"बेडकाला इकडेच राहायला बोलावू," उर्वी म्हणाली. मावशीने तिकडून अख्खा खेळच पाठवला आणि पेठकरने तो घरात पडून असलेल्या जुन्या डब्यात भरला. तो दुपारभर येत होता. अखेर आबांनी कंट्रोलर घेतला. बटण, उडी. पहिली विहीर पार. दुसरी पार.  तिसऱ्या विहिरीत आबा धपकन पडले.

उर्वीने आबांकडे पाहिलं.

"ही माझी," आबा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. "ही उडी माझीच चुकली." आणि डंपरची पाळी कितीला आहे ते बघायला उठले.

संध्याकाळी भोंगा वाजला. फोनवर मावशीही ऐकत होती. "बेडूकराव," उर्वीने जाहीर केलं, "चंद्रावर आणून खेळलात तर पाच भजी. पृथ्वीवर ठेवून खेळलात तर अर्धं भजं, तेही गार. पुढे मंगळावर वस्ती होईल. तिथला विलंब मिनिटांचा. त्या लोकांसाठी मी स्वतः एक खेळ करणार आहे. उडी मारायची, आंघोळ करून यायचं, मग बघायचं. त्यातला बेडूक फार समजूतदार असेल."

मग तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि मावशीच्या हसण्याची वाट पाहत राहिली.