अमीबाला पाय किती?

तो प्रयोगशाळेत शिरला तो चुकूनच. शाळेच्या पुस्तकासाठी अमीबाची चित्रं काढणारा चित्रकार, विभागप्रमुखांना शोधत आलेला. ते रजेवर, म्हणून गाठ पडली तरुण शिक्षिकेशी.

तिनं त्याचं चित्र पाहिलं आणि हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली. "सहा पाय? मुंगी काढलीत की अमीबा?"

"मग किती असतात, मॅडम?"

"असतात कुठे! लागेल तेव्हा काढतो, काम झालं की आत घेतो. बघा ना..."

त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. इवलासा पारदर्शक थेंब. त्याची एक कड फुगली, पुढे सरकली आणि मागचं सगळं अंग तिच्यात वाहत गेलं.

"अगं बाई!" तो ओरडलाच, मग गोरामोरा झाला. "म्हणजे... चालतोय की हा!"

मग तो रोज दुपारी यायला लागला. चालणारा अमीबा काढून झाला, वळणारा झाला. इकडे तिची आई विचारू लागली, "हल्ली आरशासमोर फार वेळ लागतो गं?"

शनिवारी तो म्हणाला, "आज घास घेताना दिसला की संपलं काम. संध्याकाळी चित्रं छापखान्यात."

तिनं भक्ष्याची बाटली उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग हा कशाला येईल इथे?

शेवटी तिनं थेंबात भक्ष्य सोडलं. "पाय पसरले... दोन्ही बाजूंनी!" तो हरखून गेला. "मॅडम, मिठी मारतोय हो त्याला!"

"मिठी कसली, गिळतोय." ती पुटपुटली. आता घास मिटणार, एवढ्यात...

तिनं गुडघ्यानं टेबलाला चांगला दणका दिला.

धक्का बसला की अमीबा पाय आत ओढून गोळा होतो, हे ती विद्यार्थ्यांना रोज बजावायची. भक्ष्य निसटलं.

त्यानं मान वर केली. "चुकून... ना?"

"नाही. मुद्दाम." तिचे कान तापले. "चित्र झालं की तुम्ही यायचे नाही... म्हणून."

तो स्टुलावरून उठला. मग खिशातून फोन काढून छापखान्याला म्हणाला, "एक चित्र राहिलंय. सोमवारी देतो." फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. "काल झोपलो नाही मी. पुन्हा यायला निमित्त काय काढू, हेच डोक्यात. उद्या येऊ?"

"उद्या रविवार. प्रयोगशाळा बंद."

"बरंच की," तो हसला, "मधे अमीबा तरी नसेल!"