तेरा ठोके

जून २०२०चा दुसरा शनिवार. इथे दक्षिण गोलार्धात हिवाळा नुकताच लागला होता. कोविडमुळे स्कीच्या लिफ्ट्स अजून सुरू झाल्या नव्हत्या, त्यामुळे गथीगाच्या वरच्या उतारांवर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. डोंगराखालच्या जिंदाबाईन गावातल्या आमच्या छोट्या स्की-गटासाठी मी दर आठवड्याला बर्फाची पाहणी करायचे. कुठले थर एकमेकांना धरून आहेत, कुठला उतार घसरेल, हे लिहून कळवायचं. लोक ते वाचून डोंगरात जायचे.

सोबत अजित होता, युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र, आता खाली शहरात, क्वेकर्स हिलला राहणारा. मे महिन्यात त्याचे बाबा नाशिकला कोविडने गेले. विमानं बंद. गॅरेजमध्ये उभं राहून त्याने फोनवर अंत्यविधी पाहिला. "चित्रलेखा, चार दिवस तुझ्याकडे येऊ का?" एवढंच त्याने विचारलं होतं.

खडकांना लागून, उताराच्या कडेला मी जमिनीपर्यंत खड्डा खणला. कंबरभर बर्फ. मग भिंतीतून एक चौकोनी खांब कापला, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं आणि ठोके द्यायला लागले. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब जितक्या लवकर तुटेल तितका धोका जास्त.

तीस ठोके झाले. खांब जागच्या जागी.

"चला, सेफ आहे," अजित स्की घ्यायला वळला.

तेव्हा ठोके ऐकू आले.

खड्ड्याच्या वरच्या भिंतीतून. मऊ, सावकाश, मी दिले होते तसेच. दहा. मग थोडे जोरात, एक, दोन, तीन. मग काही नाही.

वारा पडला होता. मी फावडं खाली ठेवलं.

"कुणीतरी गाडलं गेलंय," अजित म्हणाला.

"इथे स्कीचा एकही ट्रॅक नाहीये, अजित."

"तू पण ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. आम्ही अंगावरचे बीकन, सिग्नल देणारी-पकडणारी छोटी यंत्रं, शोधावर लावले. बर्फाखाली कुणी बीकन घातलेलं असतं, तर सिग्नल मिळाला असता. मिळाला नाही. पुन्हा ठोके आले, चार-पाच मीटर वरून. दहा आणि तीन.

अजित तिथे जाऊन खणायला लागला. मास्क हनुवटीखाली, चेहरा लाल. "थांबा," तो बर्फाला सांगत होता, "येतोय. आलोच. थांबा हं."

मी त्याला अडवलं नाही. त्याच्याबरोबर खणत राहिले.

खाली गवत लागलं. कुणी नव्हतं. अजित खड्ड्यात मटकन बसला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिथूनच मला भिंत दिसली.

गवताच्या जरा वर बोटभर जाडीचा थर होता, साखरेसारखा सुटा. हात लावला की दाणे गळत होते. त्यावर वाऱ्याने घट्ट बसवलेला बर्फ. खालच्या खड्ड्यात हा थर नव्हताच.

मी खांब कापला. दहा ठोके मनगटातून. मग कोपरातून एक, दोन.

तिसऱ्याला खांब सटकून माझ्या मांडीवर आला.

अजितने मान वर केली. त्यानेही मोजलं होतं.

"ऊठ," मी म्हणाले. "खडकांकडे. हळू."

आम्ही एकामागून एक निघालो. खडकावर पाय ठेवला आणि मागे धप्प असा आवाज झाला, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. उतारभर एक रेघ उमटली. मग तो सगळा उतार खाली गेला, आमचे दोन्ही खड्डे घेऊन.



वर लटकून राहिलेला बर्फ नाही, हे पाहून मी कडेने फोटो काढायला उतरले. उघडं पडलेलं गवत ओलं, पिवळं, जमिनीला चिकटलेलं होतं.

आम्ही खणलं नव्हतं अशा एका जागी मात्र ते कोरडं होतं. माणसाच्या लांबीएवढं, आणि एका कुशीवर झोपल्यासारखं दबलेलं.

मी हातमोजा काढून तळवा टेकवला. गवत गरम होतं.