प्रमाणपत्रावरचं दुसरं नाव

सकाळी दहाला ताई चहा घेऊन आईच्या खोलीत गेली, तर आई लॅपटॉपसमोर नुसतीच बसलेली. रोज या वेळी खोलीतून बाळ्याचा आवाज यायचा. आज नव्हता.

"हे बघ गं काय म्हणतंय. बाळ्या सुरक्षित नाही म्हणतंय."

पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: हे संकेतस्थळ सुरक्षित नाही.

"तो नाही गं आई, त्याची साइट. साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र असतं, त्याची मुदत संपलीय."

"आणखी एक प्रमाणपत्र? त्याचं ते एक आणलंस, तेवढं पुरे नाही झालं?"

ताईनं कप टेबलावर ठेवला.

बाळ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गात गात गोष्ट सांगायचा. समोरचा हसता हसता डोळे कधी पुसायला लागला, त्याचं त्यालाच कळायचं नाही. देवानं गळा दिला तो हात सैल सोडून. आयुष्य देताना मात्र मूठ आवळली. जाऊन दहा महिने झाले. भाड्याच्या सर्व्हरवर त्याची साइट राहिली, तिच्यावर त्यानं गायलेल्या एकेचाळीस गोष्टी राहिल्या, आणि आईच्या पिशवीत त्याच्यासाठी विणायला घेतलेला एक निळा स्वेटर राहिला. त्याची एक बाही व्हायची होती. सुया लोकरीत तशाच खोचलेल्या.

आई रोज एक गोष्ट ऐकायची. मधेच विचारायची, "जेवलास का रे?" स्वयंपाकघरात ताई नळ मोठा सोडायची.

"दहा मिनिटांचं काम आहे. तू चहा घे," ताई म्हणाली.

अकरा वर्षं ती नोकरीत सर्व्हर सांभाळत होती. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे तिचं ठरलेलं वाक्य. तिनं आपल्या लॅपटॉपवर नव्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरला, साइटचं नाव घातलं आणि घाईत नको ते बटण दाबलं. साइट आपलीच आहे याची खात्री सर्व्हरवर फाइल ठेवून पटवायची होती; त्याऐवजी मंजुरी मागणारं पत्र मालकाच्या ईमेलवर गेलं.

म्हणजे बाळ्याच्या.

ती ईमेलची टपालपेटी ताईनंच आठ महिन्यांपूर्वी बंद केली होती. पत्र परत येईल, मग फाइलचं बघू, म्हणून ती थांबली. चहावर साय धरली.

पत्र परत आलं नाही.

पडद्यावर एक ओळ उमटली: मालकानं मंजुरी दिली.

तिनं ती पुन्हा वाचली. टपालपेटी तपासली. बंदच होती. शेवटी प्रमाणपत्र सर्व्हरवर चढवलं, आणि पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसू लागलं.

"झालं का गं?"

"झालं."

सवयीनं तिनं प्रमाणपत्र उघडून पाहिलं. अर्जात तिनं एकच नाव घातलं होतं. इथे दोन होती. पहिलं बाळ्याच्या साइटचं. दुसरं तेच, पण त्याच्याआधी एक शब्द जोडलेला.

आई.

खाली मुदत होती. या संस्थेची प्रमाणपत्रं नव्वद दिवसांची असतात. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. ताईनं तारखा बोटांवर मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

एकोणीस.

पाठीमागे बाळ्या गायला लागला. आईनं तिच्या लॅपटॉपवर गोष्ट लावली होती. चेहऱ्यावर दहा महिन्यांत न दिसलेलं हसू होतं.

"आता किती दिवस चालेल हे?"

ताईनं प्रमाणपत्राची खिडकी मिटली.

"नव्वद," ती म्हणाली.

"चल, खोटारडे!" आईनं लाडानं तिच्या गालावर चापट मारली. "नव्वद कुठले? आत्ताच तर एकोणीस म्हणाला."

आणि पिशवी पुढे ओढून तिनं सुया हातात घेतल्या.

"एवढी एकच बाही राहिलीय. होईल मी जाईपर्यंत."