उजव्या हाताची ऊब

जुनी नाव घेणं आणि बिजवराशी लग्न करणं यात अंबो साक्काच्या मते फरक एवढाच, की बिजवराच्या आधीच्या संसाराचं काय झालं ते शेजारीपाजारी तरी सांगतात. नाव स्वतः बोलत नाही. तिला बोलतं करावं लागतं ते इंजिनाकडून. आणि बाजोए बंदरात जुन्या इंजिनांना बोलतं करणारा अंबो साक्कासारखा दुसरा माणूस नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, पण म्हणून काही खोटं नव्हतं.

त्याची रीत ठरलेली. नावेवर चढायचं, कुणाशी अवाक्षर न बोलता खाली इंजिनखोलीत उतरायचं, आणि उजवा तळहात इंजिनाच्या अंगावर ठेवायचा. इंजिन गार हवं. दुखणाईत इंजिन गार असताना उठता उठत नाही. खोकतं, पांढरा धूर ओकतं, विनवण्या करून घेतं. म्हणून लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच ते चालवून तापवून ठेवतो. अंबो साक्काला ते नुसतं कोमट लागलं तरी तो वर येऊन म्हणायचा, "नवरीला पावडर फासून दाखवताय," आणि चालू लागायचा. लहानपणी त्याची धाकटी बहीण तेन्री त्याच्या मागे मागे सगळ्या नावांवर हिंडायची, आणि तोही गमतीने तिचा चिमुकला हात इंजिनावर ठेवून विचारायचा, "सांग, पोरगी आजारी आहे का?"

आता त्याच तेन्रीने दादाच्या घरी पाऊल टाकणं सोडलं होतं. कारण तिचा नवरा बेद्दू. दुसऱ्यांच्या नावांवर जाळी ओढून बेद्दूचे खांदे उतरले होते, त्याला स्वतःची नाव हवी होती, आणि त्याने पसंत केलेली प्रत्येक नाव अंबो साक्काने मोडीत काढली होती. बेद्दू कॉफीच्या टपरीवर उघड म्हणायचा, "मेहुण्याला बहिणीच्या घरावर कौलं चढलेली बघवत नाहीत." ते तेन्रीच्या कानावर गेलं, आणि तिने ते खरं मानलं. आणखी एक नकार दिला तर बहीण कायमची तुटणार, हे अंबो साक्का ओळखून होता.

अशात दक्षिणेच्या खाडीतून हाजी बाकरीचा निरोप आला. नाव विकायची आहे. साठ माणसं बसतील एवढी, सागाची. अट मात्र एकच: नुसतं गिऱ्हाईक नको, इंजिनातला दर्दी बरोबर आणा. हात लावून बघणारा.

"बघ," बेद्दू म्हणाला, "तुझी कीर्ती तिथवर गेलीय दादा. आता तरी एकदा हो म्हण."

दोघे एका मोटारसायकलवर भर दुपारी पोचले. ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी उतरून नुसता काळा चिखल उरला होता, आणि त्या चिखलात ती नाव जरा कलून बसली होती, कुशीवर झोपल्यासारखी. आसपास दुसरी एकही नाव नव्हती. किनाऱ्यावरची घरं होती, पण सगळ्यांच्या खाडीकडच्या खिडक्या बंद. एका बाईने या दोघांना पाहिलं, अंगणातली कोंबडी उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

हाजी बाकरी आपल्या घराच्या जिन्याखाली बसला होता. वाळका, दाढीचे मोजकेच केस. त्याने कॉफी पुढे केली ती डाव्या हाताने. अंबो साक्काचा चेहरा काळवंडला. डाव्या हाताने कुत्र्याला तुकडा टाकतात, पाहुण्याला पेला देत नाहीत. हाजीचा उजवा हात लुंगीच्या घडीत खुपसलेला होता. तो त्याने काही बाहेर काढला नाही.

"हज करून आलात," अंबो साक्का म्हणाला, "आणि पेला कुठल्या हाताने द्यावा ते शिकून नाही आलात?"

"इंजिन बघून या," हाजी म्हणाला. "मग उजव्याने देतो."

नावेवर मात्र तो आला नाही. बेद्दू फळीवरून चढला, पण नवा सदरा घातला होता म्हणून वरच डोलकाठीपाशी राहिला. अंबो साक्का एकटा झाकण उचलून खाली उतरला.

खाली डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख. कुजकं खारं पाणी, जुनं डिझेल, आणि त्याखाली आणखी एक वास… बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. त्याने सवयीने हात पुढे केला आणि तळहात इंजिनावर टेकवला.

इंजिन गरम होतं.

तो तसाच वर आला आणि किनाऱ्याकडे बघून ओरडला, की फसवायला दुसरा कुणी शोध. हाजी जागचा हलला नाही. त्याने शांतपणे सांगितलं, की बॅटरी त्याच्या घरात खाटेखाली आहे, डिझेलची टाकी कधीची कोरडी आहे, आणि नाव ढकलणारा पंखा अर्धा चिखलात रुतलेला आहे, पाहिजे तर वाकून बघा. अंबो साक्काने वाकून बघितलं. पंख्याच्या पात्यांवर शिंपल्यांनी घरं केली होती.

"उन्हाने तापलं असेल रे," बेद्दू म्हणाला. "बहाणे नकोत. नीट बघ."

तो पुन्हा उतरला. या वेळी विजेरी लावून. इंजिनाच्या लोखंडावर दव धरलं होतं. हात टेकवला होता तिथे मात्र पाच बोटांचा कोरडा ठसा. त्याने पुन्हा हात लावला. गरम… पण चाललेल्या इंजिनासारखं नव्हे. तशी ऊब त्याला माहीत होती. ही ऊब तापलेल्या लोखंडाची नव्हती. झोपलेल्या माणसाच्या पाठीला असते तेवढीच होती.

त्याने तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल स्वच्छ. फिरवायच्या दांड्याने इंजिन फिरवून बघितलं. ते लोण्यासारखं फिरलं, आणि त्याने दांडा सोडल्यावरही… जरासं आणखी फिरलं. कूस बदलावी तसं.

आता दुसरा कुणी असता तर पळाला असता. पण माणसाचा अहंकार त्याच्या पायांपेक्षा जड असतो. अंबो साक्काने पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मुठीला कान लावला. चालत्या इंजिनाचं दुखणं असंच ऐकतात. हे तर बंद होतं. काही ऐकू यायला नको होतं.

धप्… मग बराच वेळ काही नाही. धप्.

आपलीच नाडी कानात वाजतेय, असं त्याने मनाला समजावलं. पण त्याची छाती तर ढोलासारखी वाजत होती, आणि हा आवाज सावकाश होता, निवांत होता. त्याने टोक मागे सरकवलं. आवाज वाढला. आणखी मागे, आणखी खाली. विजेरी खाली धरली, तेव्हा दिसलं.

नाव पाण्यात सोडण्याआधी सुतारांचा म्हातारा मुख्य तिच्या कण्याच्या मधोमध एक भोक पाडतो. ती नावेची बेंबी. तिथून तिच्यात जीव येतो. ती बुजवून ठेवतात, आणि पुढे कुणी तिला पाना काय, बोटसुद्धा लावत नाही. इथे कुण्या आळशाने आयतं भोक मिळालं म्हणून इंजिन बसवण्याचा बोल्ट थेट त्यातूनच आरपार आवळला होता. बोल्टाभोवतीचं लाकूड सुजलं होतं… ओलं होतं.

आणि कानातला आवाज आता सावकाश राहिला नव्हता. तो भरभर होत गेला, होत गेला, आणि अंबो साक्काच्या छातीशी येऊन जुळला. ठोक्याला ठोका. त्याने श्वास रोखला. तिकडेही काहीतरी थांबलं… आणि वाट बघू लागलं.

वर येताना त्याच्या उजव्या हाताला शिडीचा दांडा जाणवेना. हात होता, पण परक्याचा वाटत होता. बर्फाच्या पेटीत मासळीबरोबर रात्रभर पडलेला.

हाजी बाकरी फळीच्या टोकाशी येऊन उभा होता. त्याने एकच विचारलं.

"कोणता हात लावलात?"

"उजवा."

हाजीने लुंगीच्या घडीतून स्वतःचा उजवा हात काढला. बोटं मिटली, उघडली, हात गालावर ठेवला, डोळे मिटून बराच वेळ ठेवला. मग पुढे होऊन त्याने अंबो साक्काचा हात हातात घेतला. हाजीचा हात छान उबदार होता.

"मलाही एकाने असाच दिला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला कुणाची तरी ऊब लागते. एका वेळी एकाचीच. तुम्हीही द्याल कुणाला तरी. पहिल्यांदाच जड जातं… मग नाही."

आणि वळून बेद्दूला म्हणाला, की नाव घेऊन जा, काय द्यायचं ते द्या.

अंबो साक्काने नाही म्हटलं. एकदा नाही, सगळ्या वाटेने. पण कारण काय सांगणार? बेद्दू पुढे बघून मोटारसायकल चालवत म्हणाला, "दादा, तू नाही म्हणालास म्हणजे नाव चांगली आहे."

पुढचे दिवस अंबो साक्काने हात लुंगीत लपवून काढले. त्या हाताला आटे कळेनात, नट बसेनात. ज्या हाताच्या जिवावर तो खात होता, त्याच हाताने घास घेतला की माशाच्या कालवणाचं तेल बोटांवरच थिजायचं. बायकोने एकदा झोपेत त्याचा हात दूर ढकलला आणि सकाळी म्हणाली, रात्री अंगाशी मेलेली मासळी आल्याचं स्वप्न पडलं.

मोठ्या भरतीला बेद्दूने ती नाव दुसऱ्या नावेच्या मागे बांधून बाजोएला आणली. धक्क्यावर अंबो साक्का उभा होता. बेद्दूने नवी बॅटरी खांद्यावर घेतली, झाकण उघडलं आणि मान वळवून हसला.

"काय रे दादा, आधी हात लावून बघायचं ना? तुझी रीत."

अंबो साक्काला एकच शब्द बोलायचा होता. थांब. तेवढा बोलायला श्वाससुद्धा लागत नाही. त्याच्या ओठांवर आला होता तो. पण टपरीवरचे टोमणे आठवले, लुंगीतला हात आठवला… आणि त्याने आभाळाकडे बघितलं.

बेद्दू खाली उतरला. बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग लुंगीच्या घडीत, आधी करंगळीला, मग एकेक करून सगळ्या बोटांना मुंग्या आल्या, आणि हात उबदार झाला. अंबो साक्का तिथून घरी गेला तो मागे न बघता.

झोप लागली नाही ती लागलीच नाही. दोन दिवसांनी तेन्रीचं बोलावणं आलं: नावेच्या नावाने केळीच्या पानातला नारळभात केलाय, दादाने यायलाच हवं. कधी नव्हे ती तिने आपण होऊन हाक घातली होती. तो गेला तो फाशी जाणाऱ्यासारखा. दारात बेद्दू. अंबो साक्काने त्याच्या लुंगीकडे बघितलं.

बेद्दूने दोन्ही हात पसरले, उजव्याने त्याचा हात धरला आणि गदगदा हलवला. हात गरम होता. जाळी ओढून खरबरीत झालेला, धडधाकट माणसाचा हात.

"इंजिन एका फटक्यात उठलं दादा," तो म्हणाला. "तू उगीच घाबरवत होतास."

अंबो साक्काच्या अंगावरून मणाचं ओझं उतरलं. तो चटईवर बसला, हसला, बेद्दूच्या पाठीवर थापही मारली त्याने. बेद्दू सांगत होता, की काल तेन्रीला नाव दाखवायला नेलं होतं, तर ही बया सगळ्यांत आधी खाली उतरली, लहानपणासारखी.

"उतरणारच," आतून तेन्रीचा आवाज आला. "दादानेच शिकवलंय."

पडदा सरला. तेन्री दादासाठी कॉफी घेऊन आली. किती दिवसांनी ती त्याच्याकडे बघून हसली. त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली, आणि पेला पुढे केला… डाव्या हाताने.